एकट्याचं बारसं

मित्रांनो, मी एक जुना पतंग आहे. मांज्याचा नव्हे, दिव्यावर झेपावणारा. मातकट पंख आणि त्यांवर एक तिरकी पांढरी रेघ, एवढंच माझं रूप. फुलपाखरांची चित्रं सगळे काढतात, आमची कोणी काढत नाही. याचा मला राग आहे, स्पष्टच सांगतो.

माझा जन्म दूर दक्षिण अमेरिकेत, इक्वेडोरच्या डोंगरातल्या जंगलात झाला. एका संशोधकानं तिथं पांढरी चादर टांगून दिवा लावला. मी भुललो आणि सापडलो. टाचणी टोचून, पंख पसरून त्यानं मला संग्रहालयाच्या खणात बसवलं, माझ्यासारख्याच दिसणाऱ्या पतंगांच्या रांगेत. चिठ्ठीवर नावही त्यांचंच. अहो, मी त्यांच्यातला नव्हतोच! पण ऐकतो कोण? पन्नासेक वर्षं मी परक्याच्या नावावर काढली. भरल्या घरात एकटं असणं फार वाईट, मित्रांनो.

मग तपासणीसाठी आमची पेटी अमरावतीच्या एका कॉलेजात आली. तिथल्या नीलमताई इंगळे आमच्या जाती ओळखण्यात तरबेज. आमची खरी जात पंखांवरून कळत नाही. त्यासाठी पोटाच्या टोकाचे अवयव पाहावे लागतात. ताईंनी माझं पोट अलगद वेगळं केलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि ओरडल्याच, "हा तर वेगळाच आहे!" किती बरं वाटलं म्हणून सांगू!

याचा कोणी जातभाई मिळतो का पाहा, असं त्यांनी इक्वेडोरला कळवलं. तिथल्या लोकांनी हंगामभर दिवे लावले. उत्तर आलं, जंगल तोडून तिथं गुरांचं कुरण झालंय, एकही आला नाही. शेवटी माझ्या एकट्यावरूनच नव्या जातीचं वर्णन छापून आलं. ताईंनी नाव ठेवलं 'सोलिटारिया', म्हणजे एकटा.

त्याच दिवशी ताईंची आई, दुर्गाबाई, वलगावहून डबा घेऊन आल्या होत्या.

"असं नाव ठेवतेत काय वं लेकराचं?" त्या म्हणाल्या. "अन् आत्याबिगर बारसं?"

"त्याले कोनीच नाई, आई."

"मंग मीच याची आत्या. कान कुठं हायेत याचे?"

"पोटावर असतेत. अन् पोट या कुपीत हाये."

माझ्याच टाचणीला खाली एक इवलीशी काचेची कुपी लावलेली आहे. दुर्गाबाईंनी तिच्याशी तोंड नेलं, हळूच नाव सांगितलं आणि कुर्रर्र केलं. ताई हसल्या, मग डोळे पुसू लागल्या.

मी ऐकलं, मित्रांनो. माझं स्वतःचं नाव!

तुमच्याही दारातल्या दिव्यापाशी अशी मातकट पाखरं येतात. झाडू उचलण्याआधी त्यांना एकदा नीट पाहा, कोण आहेत ते विचारा, त्यांची झाडं राहू द्या. मला नावानं हाक आली, तेव्हा ओ द्यायला मी एकटाच उरलो होतो, आणि तोही टाचणीवर.