चौथा पूल

सर अँब्रोज थॉर्ले यांच्या यॉर्कशायरमधल्या इस्टेटीतून एक ओढा वाहायचा. मेंढी सहज उडी मारून पलीकडे जाईल, एवढाच. त्यावर साहेबांनी तीन दगडी पूल बांधले, आणि पुलांखाली निदान पाणी दिसावं म्हणून ओढा अडवून तळं केलं. त्या पुलांवरून कुणी कुठे जात नसे. ते दिवाणखान्याच्या खिडकीतून बघायचे पूल होते.

चौथ्याचं काम जोसाया गार्बट या गवंड्याकडे होतं. साहेबांच्या अकलेबद्दल त्याचं मत कधीच ठरलेलं होतं, पण दगडांशी त्याचं काही वाकडं नव्हतं. कमान त्यानं जीव ओतून साधली होती. मात्र पावसानं महिना खाल्ला, चुना ओला राहिला आणि कमानीचे दगड तोलून धरणारा खालचा लाकडी सांगाडा अजून तीन आठवडे हलवणं धोक्याचं होतं.

रविवारी तर पाहुणे यायचे होते. साहेब तळ्याकाठी येऊन म्हणाले, ही लाकडं डोळ्यांत खुपतात, गुरुवारी काढून टाक. गार्बटनं चुन्याचं सांगितलं. साहेबांनी घराचं सांगितलं. गार्बट राहायचा ते घर इस्टेटीचं होतं. सांगाडा निघाला नाही तर गार्बटनं बायकोला घेऊन तिथून निघायचं होतं.

त्या भागातली रीत अशी, की ज्याच्या शब्दावर सांगाडा निघेल त्यानं कमानीखाली उभं राहायचं. गार्बटचा बाप राहिला होता, आजाही राहिला होता.

गुरुवारी गार्बट हातोडा घेऊन सांगाड्याच्या पाचरींपाशी थांबला. साहेब आले.

"काढतो साहेब," तो म्हणाला. "या, असे मधोमध उभे राहा."

"मी? मी कशाला?"

"रीत आहे. ज्याचा शब्द, तो खाली. माझा शब्द तीन आठवड्यांनंतरचा. आजचा तुमचा."

साहेबांनी वर कमानीकडे पाहिलं, मग खाली चिखलाकडे.

"माझे बूट नवे आहेत."

"माझे देतो."

साहेब तरातरा निघून गेले. घराचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. संध्याकाळी कारभाऱ्याकडून निरोप आला, की सांगाडा राहू दे, त्यापुढे रंगवलेला पडदा लावा. वाड्यातल्या नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या माणसानं दोन दिवसांत कापडावर कमान, पाणी आणि दोन हंस काढून दिले. रविवारी पाहुण्यांनी चहा पीत खिडकीतून चारही पूल पाहिले आणि एकमतानं सांगितलं, चौथा सगळ्यांत सुंदर. हंस तर अगदी जिवंत वाटतात म्हणे.

तीन आठवड्यांनी पडदा उतरवून गार्बट स्वतःच्या शब्दावर कमानीखाली उभा राहिला. पाचरी निघाल्या, सांगाडा खाली आला. वरून चिमूटभर चुनाही पडला नाही. त्यानं दगडाला तळहात लावला.

थोड्या वेळानं कारभारी नजर चुकवत खाली आला.

"साहेब खिडकीतून बघत होते. म्हणाले, कापडाचा पूल जास्त शोभायचा. परत लाव."

गार्बटनं हात झटकले.

"लावतो की. आणि त्यांना सांग, त्या कापडाच्या पुलाखाली खुशाल उभे राहा म्हणावं. पडला तरी काही होत नाही."