डाव्या पायाची शिवण

"काकूंच्या पायाला सूज होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"होती. डाव्या," शिंपी म्हणाला.

"मग आणलं का नाही?"

"सैल करून दिला ना मी."

"पाय?"

"नाही. पायजमा."

बाई हळू आवाजात समजावू लागल्या. कॅन्सरमध्ये रक्त आधीच गुठळी धरायला टपलेलं असतं. त्यात पोटाचं मोठं ऑपरेशन, केमो, गळ्याजवळची नळी, आणि वर सतत अंथरुणात पडून राहणं. पायात धरलेली गुठळी सुटून वर जाते आणि फुप्फुसात अडकते. "एकच पाय सुजला तर लगेच यायचं असतं, काका." गिऱ्हाईक माप सांगताना हलवावी तशी त्यानं मान हलवली.

अंथरुणातून उठायचं नाही, हा कायदा त्याचाच. काजं-बटणं करून करून बायकोची पाठ मोडली होती. आता तरी तिनं आराम करावा. पाण्याचा पेलासुद्धा तो हातात आणून द्यायचा. "अहो, काचेच्या कपाटात ठेवताय की काय मला?" ती म्हणायची. हा ऐकेल तर शपथ.

मग एका सकाळी ती म्हणाली, "डावा पाय आवळतोय हो पायजम्यात."

आवळतंय म्हटल्यावर शिंप्याचा हात कात्रीकडेच जाणार. शिवणीच्या आत जादा कापडाची माया ठेवायची त्याची जुनी खोड होती. त्यानं सगळ्या पायजम्यांचे डावे पाय उसवले आणि दोन बोटं वाढवून पुन्हा शिवले.

"दुखणं म्हशीला नि औषध पखालीला!" ती हसली. तोही हसला. पायजमा चढवून ती म्हणाली, "पण बरं वाटतंय हो." तो दिवसभर खुशीत होता.

पुढे दोनच दिवसांत तिला धाप लागली. बोलता बोलता ओठ निळे पडले, तेव्हा त्यानं तिला दवाखान्यात आणलं.

त्या दुपारी ती गेली. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला रडू येईना. आपल्याला काहीच कसं होत नाही, याचीच त्याला भीती वाटली. घरी आल्यावर लोक येत होते, बसत होते, जात होते. तो चहा घ्या म्हणत होता.

पुढच्या आठवड्यात लेक कपाट आवरायला बसली.

"बाबा, आईचे पायजमे नवेच आहेत की. वॉर्डातल्या कुणाला देऊन टाकू या का?"

"कुणाला बसायचे नाहीत ते."

तिनं एक उलगडून धरला. "अगंबाई, एक पाय मोठा दिसतोय. मग घ्या ना मापात. तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ."

त्यानं पायजमा तिच्या हातातून घेतला, मांडीवर ठेवून नीट घडी केली. दोन पाय एकमेकांवर बसेनात.

"असू दे," तो म्हणाला. "तिचं माप आहे ते."