बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा शिंपी घरी तिचे धुतलेले कपडे पिशवीत भरत होता. मेहुणी शेजारीच होती. दोघांनी आधी रडून घेतलं. मग निघताना मेहुणीच्या बाहीचं बटण तुटलं, म्हणून तिने बटणांचा डबा उघडला.

"भावजी, ताईच्या गोळ्या बटणांत काय करताहेत?"

शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं.

यकृत निकामी होत आलेल्या बायकोच्या अंगात मॅग्नेशियम टिकत नव्हतं. पोटातलं पाणी उतरवायच्या औषधाने ते लघवीवाटे निघून जायचं. मग पोटऱ्यांत गोळे यायचे, हात थरथरायचे, स्वतःच्या झग्याची बटणंही लावता यायची नाहीत. त्यासाठी या गोळ्या होत्या. पण त्यांनी तिला जुलाब इतके व्हायला लागले की शिंप्याने कुणाला न विचारता त्या बंद केल्या. मेहुणी ओरडेल म्हणून दडवल्या. चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ती परत आलीच नाही.

तीन आठवडे त्याला घास गिळवेना. आपणच तिला मारलं, एवढंच डोक्यात. शेवटी मेहुणीने चप्पल त्याच्या पुढ्यात ठेवली. "उठा. कुढत बसण्यापेक्षा डॉक्टरीणबाईंना विचारून मोकळे व्हा."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, फाइल काढली. "आल्या तेव्हा मॅग्नेशियम कमी होतं, खरंय. आम्ही सलाइनमधून दिलं. तिसऱ्या दिवशी हा रिपोर्ट आला. बघा, बरोबर आहे."

"मग ती गेली कशाने?"

"सहाव्या दिवशी अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटली. रक्त थांबलं नाही. लिव्हरच्या आजारात होतं असं. गोळ्या चालू असत्या तरी टळलं नसतं."

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही, काका. एवढे जुलाब असताना मीही त्या दोन दिवस थांबवल्या असत्या. पण मला फोन करायला हवा होता. ते मात्र चुकलं तुमचं."

हे बोलल्या म्हणून शिंप्याचा बाकीच्यावरही विश्वास बसला. नुसती समजूत काढणारं माणूस चूक दाखवत नाही.

बाहेर मेहुणी बाकावर वाट बघत होती. "काय म्हणाल्या?"

"माझ्यामुळे नाही गेली."

तिने डोळे पुसले. "तरी मी सांगत होते. पण मेहुणीचं ऐकलं तर शिंप्याची कात्री बोथट होते ना! आता चहा पाजा. तुमचं तोंड बघून माझंही जेवण सुटलंय."

चहाबरोबर त्याने चार टोस्ट खाल्ले. पाचवा मेहुणीच्या बशीतून उचलला.

घरी येऊन त्याने डब्यातली गोळ्यांची पाकिटं काढून टाकली. खाली सहा निळी बटणं होती. ती बायकोच्या झग्याची. थरथरत्या हातांनी लागत नाहीत, त्याऐवजी बांधायला बंद शिव, असं ती म्हणाली होती, म्हणून त्याने ती उसवली होती.

झगा अजून मशीनवर आहे. बंद शिवायचे राहिले आहेत.