सोळा इंची, आणि पुरेशी

मी करवत बोलतेय. सुताराच्या हातातली नव्हे. इंजिनवाली, दोर ओढला की चालू होणारी. गावात मला कुणी कटर म्हणतं, कुणी नुसतंच मशीन. मी बोलायला लागले की चार शेतांपलीकडे ऐकू जातं. गोड, हळू आवाजाची अपेक्षा असणाऱ्यांनी आताच कान झाकावेत.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते लोणंदच्या बाजारपेठेतलं जयराजचं अवजारांचं दुकान. एका बाजूला फवारणीचे पंप, दुसऱ्या बाजूला कडबाकुट्टीची पाती आणि मधे भिंतीवर मी. माझ्या शेजारी बावीस इंची टांगलेली असायची. लांब पातं, लालभडक अंग. येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारायचा, "सगळ्यात मोठं कंचं?" काय कापायचंय, कोण कापणार, हे कुणी बोलायचंच नाही. बावीस इंची खाली उतरायची, लोक तिच्यासोबत फोटो काढायचे आणि तिला घेऊन जायचे. तिच्या जागी दुसरी बावीस इंची यायची. मी मात्र वर्षभर तिथेच.

मग एका सकाळी समीक्षा आली. फलटणच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, पायात चपला, खांद्याला पिशवी, आणि पिशवीत एक सुतळी. सोबत तिचे चुलते हंबीरराव. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. मिशी अजून नोकरीवर असल्यासारखी. समीक्षाचे वडील फौजेतच सरहद्दीवर, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारे. त्यामुळे घरातला शेवटचा शब्द हंबीररावांचा. निदान त्यांना तसं वाटायचं.

हंबीररावांनी बोट थेट बावीस इंचीकडे केलं.

"तात्या, थांबा," समीक्षानं सुतळी बाहेर काढली. सुतळीला एक गाठ होती. "आपल्या बांधावरचं सगळ्यात जाड वाळकं खोड एवढं रुंद हाय. एक वीत आणि चार बोटं. जयराजदादा, ह्याला किती इंची लागंल?"

जयराजनं सुतळी माझ्या पात्यावर धरली. गाठ माझ्या टोकाच्या बरीच आत आली. "सोळा इंची बास झालं, ताई."

"ह्यॅ!" हंबीरराव हसले. "ह्यानं काय, वांगी चिरायची का? घ्यायचं तर चार माणसांनी बघावं असं घ्यावं."

"चार माणसं लाकूड कापायला येणार हायेत का? ते मी कापणार हाय."

"अगं, मशीन हे बाप्यामाणसाचं काम."

समीक्षानं वाद घातला नाही. बावीस इंची खाली घेतली आणि काकांच्या हातात दिली. "हात लांब करून धरा. मी शंभर मोजते."

अडतिसाव्या आकड्याला काकांचे हात थरथरायला लागले. पन्नास व्हायच्या आत, "वजनाचं काय इतकं," असं पुटपुटत त्यांनी ती गल्ल्यावर टेकवली. समीक्षानं मला उचललं, हात लांब केले आणि स्वतःच मोठ्यानं शंभर मोजले. मग मला खाली न ठेवताच पुढचे प्रश्न विचारले. पात्याभोवती फिरणारी साखळी लगेच थांबवणारा ब्रेक आहे का? दातांना धार कुठल्या कानशीनं लावायची? साखळी तुटली तर दुसरी लोणंदमध्ये मिळेल का? विजेवर चालणारी का नको, हे तिनं स्वतःच सांगितलं: बांधापर्यंत वायर जात नाही, आणि गेली तरी दिवसा वीज असेलच असं नाही.

वर्षभरात असे प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शेवटी जयराजनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली. "ताई, हिच्यात नुसतं पेट्रोल कधी घालायचं न्हाई. लिटरमागं एवढं टू-टी तेल मिसळायचं. हे तेल निळं असतंय, म्हणजे मिसळलेलं लगेच ओळखू येतं. नुसतं पेट्रोल घातलं की इंजिन मेलं म्हणून समजा." समीक्षानं ते फोनमध्ये लिहून घेतलं. हंबीरराव तेव्हा दाराशी चहा पीत, कुणाला तरी बावीस इंचीचं कौतुक सांगत होते.

एवढा खटाटोप कशासाठी? शालूबाईंच्या खांद्यासाठी. शालूबाई म्हणजे समीक्षाची आई. कंपनीत कामाला जाणाऱ्या तीस माणसांचे डबे त्या करतात. गॅसवर करायला काय हरकत होती? पण चुलीवरची भाकरी मिळते म्हणून तर माणसं त्यांच्याकडे डबा लावतात. ह्या चुलीसाठी दहा वर्षं त्यांनी स्वतः कुऱ्हाड चालवली. वेडी बाभूळ वाळली की लोखंड होते. घाव घालून घालून त्यांचा उजवा खांदा असा गेला की हात डोक्याच्या वर जाईना. रोज सकाळी त्यांचा अंबाडा समीक्षा घालून द्यायची. फलटणच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा कुऱ्हाड धरलीत तर हा हात कायमचा जाईल.

घरी गेल्यावर माझी पूजा झाली. शालूबाईंनी डाव्या हातानं हळदकुंकू लावलं. तिथवर ठीक होतं. मग हंबीररावांनी नारळ उचलला आणि काही कळायच्या आत माझ्या पात्याच्या नाकावर आपटला.

"तात्या!" समीक्षा किंचाळली. "अंगणात दगड न्हाई का?"

"शुभ असतं गं. ट्रॅक्टर घेतला तवा पण फोडलावता."

"ट्रॅक्टरच्या चाकापुढं फोडलावता, इंजिनात न्हाई!"

नारळाचं पाणी साखळीत गेलं. नाकावर पोचा पडला, तो आजही आहे. समीक्षानं साखळी उतरवली, पुसली, तेल लावलं, पुन्हा चढवली. वडिलांचे जुने फौजी बूट पायात घातले, डोळ्यांना चष्मा, ओढणी काढून खुंटीला अडकवली आणि बांधावर जाऊन दोर ओढला. पहिल्यांदा मी ओरडले, तेव्हा कुंपणावरचे बगळे उडाले आणि दोन शेजारी पळत आले. दुपारपर्यंत चुलीच्या तोंडात मावतील अशा फूटफूटभर ओंडक्यांचा ढीग झाला. उभ्या झाडाला मी हात लावला नाही. शालूबाईंनी कुऱ्हाड खुंटीला टांगली आणि ढिगाकडे नुसत्या बघत राहिल्या.

पण लोक बोलायला लागले. माणसांना रिकामा राहिलेला पुरुष खुपत नाही, काम करणारी पोरगी मात्र खुपते. पारावर कुणीतरी हंबीररावांना म्हणालं, "काय हवालदार, घरात पुतनी मशीन चालवती आन् तुमी भाकरी भाजता काय?" ते त्यांना लागलं.

समीक्षा नोकरीच्या परीक्षेसाठी साताऱ्याला गेली त्या बुधवारी हंबीररावांनी मला उचललं आणि मेहुण्याच्या रानात नेलं. तिथे चारपाच जण जमले होते. माझी टाकी रिकामी होती. त्यांनी मोटारसायकलचं पेट्रोल काढून ओतलं. नुसतं. मला ओरडून सांगायचं होतं, पण करवतीचं ओरडणं माणसांना जोर वाटतो. "बघा, कसं पळतंय!" ते म्हणाले. मी दहा मिनिटं पळाले. मग पोटात आग पेटल्यासारखं झालं, काहीतरी घासलं, चिकटलं आणि मी थांबले.

हंबीररावांनी दोर ओढून पाहिला. हलेना. त्यांनी मला फडक्यानं स्वच्छ पुसलं, घरी आणून जागच्या जागी ठेवलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही.

इंजिन बिघडल्याचं मी माफ केलं असतं. पुसून ठेवणं मी माफ केलं नाही.

गुरुवारी सकाळी लाकूड संपलं. समीक्षानं दोर ओढला. दोर दगडात रोवल्यासारखा. तीस डबे नऊला जायचे. मागं बघते तर शालूबाईंनी खुंटीवरून कुऱ्हाड काढली होती.

"आई, ठेव ती."

"मग भाकरी कशावर भाजू, तुझ्या पुस्तकांवर?"

"हलका माल," ओट्यावर बसलेले हंबीरराव म्हणाले. "मी म्हणलं व्हतं, मोठं घ्या."

समीक्षानं माझ्या टाकीचं झाकण उघडलं. वास घेतला. स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणला, उरलेलं पेट्रोल त्यात ओतलं आणि पेला काकांच्या पुढ्यात ठेवला.

"तात्या, मी घालते ते निळं असतंय. हे कुणाचं?"

हंबीररावांनी पेला बोटानं बाजूला सारला.

"एकच सांगा. पल्टणीत कुणी दुसऱ्याची रायफल न इचारता नेली, बिघडवली आणि पुसून परत ठेवली, तर काय करत व्हता?"

"समे, वडीलधाऱ्याशी बोलायची ही रीत न्हवं."

"मी रीत न्हाई इचारली. शिक्षा इचारली."

अंगणात शालूबाईंनी दोन्ही हातांनी कुऱ्हाड उचलली. उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडकला. ओठ दाताखाली गेला. हंबीररावांनी ते पाहिलं.

"पिठ्ठू," ते हळूच म्हणाले. "पाठीवर बोजा घेऊन पळायचं. पार पडंस्तोवर."

"मग?"

ते उठले. भावजयीच्या हातातली कुऱ्हाड घेतली. "सरा बाजूला, शालूबाई." आणि घाव घालायला लागले. चुकलं, असं ते म्हणाले नाहीत. अजूनही म्हणालेले नाहीत. पण जयराजनं मला उघडून ओरखडे पडलेला पिस्टन काढला, नवा मागवला, तो बसवून मी घरी येईपर्यंत आठ दिवस गेले. त्या आठही सकाळी चुलीचं लाकूड हंबीररावांनी फोडलं. हातांना फोड आले तेव्हा रुमाल बांधून फोडलं. पारावरचे हसले, तर त्यांच्यासमोरून कुऱ्हाड खांद्यावर टाकून गेले. पहिल्यांदाच मला त्यांची मिशी शोभून दिसली.

आता माझा रंग उडालाय. नाकावर पोचा आहे, पोटात नवा पिस्टन. मला मागायला भावकीतली माणसं येतात, तेव्हा हंबीरराव ओट्यावरूनच सांगतात, "मला इचारू नका. बाईसाहेबास्नी इचारा." यंदाच्या खंडेनवमीला त्यांनी नारळ हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, अंगणातल्या दगडापर्यंत चालत गेले आणि तिथे फोडला. खोबऱ्याचा तुकडा मात्र पहिला मला ठेवला.

तुम्ही कधी माझ्यासारखी घ्यायला गेलात, तर सगळ्यात मोठी कुठली, हे विचारू नका. सुतळीनं खोड मोजून जा. जिच्या हातात ती राहणार, तिलाच शंभर मोजू द्या. आणि मला मागून न्यायचं असेल तर आधी निळं तेल मिसळून दाखवा. ते जमत नसेल तर कुऱ्हाड खुंटीला आहे.

आज सकाळी शालूबाईंनी अंबाडा स्वतः घातला. उजवा हात वर गेला, थांबला, थोडा आणखी वर गेला. अंबाडा एका बाजूला कललाय, चार केस सुटलेत. समीक्षानं पाहिलं आणि तो नीट करायला पुढे झाली नाही. ती फौजी बुटांची नाडी बांधतेय.

बोलणं पुरे. तिनं दोर धरलाय, आणि बांधावर बाभूळ पडून आहे.