आरशातली अलिशा

काजलचा कॅमेरा हुशार होता, आणि तीच त्याची खोड होती. फोकस कुठे धरायचा हे त्याच्यावर सोडलं, की तो इकडेतिकडे चाचपडायचा आणि जे सगळ्यात जवळ असेल त्याच्या गळ्यात पडायचा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

खांडबाऱ्यातल्या त्या लग्नघरी बायकांच्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला मज्जाव, म्हणून काजलला बोलावलं होतं. शिवाय नवरी अलिशा तिची मैत्रीण, दहा वर्षं एका बाकावर बसलेली. उद्या ती गाडीने सुरतेला सासरी जाणार होती. तिने काजलकडे एकच मागणं केलं होतं. निकाहनंतर नवरा-नवरी एकमेकांना पहिल्यांदा आरशात बघतात, तेवढा फोटो नीट यायला हवा. ते बघणं पुन्हा होत नाही.

आठ दिवस काजल घरच्या आरशावर सराव करत होती. कॅमेरा कधी आरशाची चौकट धरायचा, कधी काचेवरचा डाग. शेवटी तिने फोकसची जागा एका बारीक ठिपक्याएवढी केली आणि तो ठिपका सरकवत आरशातल्या चेहऱ्यावर नेऊन ठेवायला शिकली.

दुपार कलली. अलिशा आणि तिचा नवरा कामरान यांच्या डोक्यांवर बायकांनी लाल ओढणी धरली, समोर आरसा ठेवला. ओढणीतून गाळून आलेल्या उजेडात सगळं संथ झालं. बायकांची कुजबुजसुद्धा लांबून आल्यासारखी वाटू लागली. आरशात अलिशा डोळे मिटून बसली होती. नवऱ्याने विनवल्याशिवाय नवरीने डोळे उघडायचे नाहीत, असा रिवाज.

"बीबी, आँखें खोलो, मैं तुम्हारा गुलाम," कामरान म्हणाला. बायकांनी त्याला ते आणखी तीनदा म्हणायला लावलं.

दोघांच्या मागे उभी राहून, आरशातल्या मिटलेल्या पापणीवर ठिपका ठेवून काजल थांबली. ही गेली की आपण भांडायचं कुणाशी, असं तिच्या मनात आलं आणि तिचं रडू फुटायच्या बेतात आलं. तिने श्वास रोखून धरला.

अलिशाने डोळे उघडले. पण कामरानकडे नाही, आरशातून थेट काजलकडे पाहिलं. काजलकडून बटण आपसूक दाबलं गेलं. लगेच अलिशाने लाजून मान खाली घातली, कुणीतरी आरसा उचलला, संपलं.

अलिशाची आई हलीमा कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली. पापणीचा केस न् केस दिसत होता. ती बराच वेळ बघत राहिली.

"ही कोनाकडे देखी ऱ्हायनी?"

ज्यासाठी काजलला बोलावलं होतं तेच हुकलं होतं.

"मन्हाकडे, चाची," ती स्वतःकडे बोट करत हळूच म्हणाली.

हलीमाने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "नवराकडे ते तिले आखा जनम देखनं शे."