इसेन्सची खोली

घरात आणि गल्लीत तिला सगळे बिस्की म्हणत, आणि त्याला जबाबदार तिची आई होती.

आई बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होती. बाकीची माणसं पीठ मळायची, भट्टी सांभाळायची, पुडे बांधायची. आई मात्र एका वेगळ्या खोलीत बसून स्वाद मिसळायची. व्हॅनिलाच्या इसेन्सचे पत्र्याचे डबे यायचे. त्यातून मापून घ्यायचं, तेलात कालवायचं आणि पिठाच्या प्रत्येक खेपेसाठी एकेक बरणी भरून ठेवायची, हे तिचं काम. तो वास तिच्या केसांत, स्वेटरमध्ये, डब्याच्या पिशवीत, अगदी छत्रीतसुद्धा मुरला होता. तिच्या कुशीत झोपणाऱ्या मुलीला तो लागला नसता तरच नवल. शाळेत शेजारच्या बाकावरच्या मुली तिची बाही हुंगून म्हणायच्या, "आली बघा बिस्किटांची बरणी!" बरणी गळून पडली, बिस्किटाची बिस्की झाली आणि ते नाव कायमचं चिकटलं.

बाबा पोस्टमन होते. टपाल वाटून झालं की ते सायकल घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभे राहायचे, आणि बिस्की पुढच्या दांडीवर. भोंगा वाजायचा, फाटक उघडायचं. आधी वास यायचा, मग आई.

"तुझी आई स्वतःच्याही आधी पोचते," बाबा दर वेळी म्हणायचे. दर वेळी बिस्की हसायची, आणि दर वेळी आई म्हणायची, "पुरे झालं. चला लवकर, मला अंघोळ करायचीय."

घरी आली की ती लिंबाच्या साली घेऊन मोरीत शिरायची आणि हात, मान, कानांच्या मागे घासघासून धुवायची. तरी वास जायचा नाही. उलट त्यात लिंबू मिसळून तो आणखी छान व्हायचा, असं बिस्कीला वाटायचं.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबांनी घर सोडलं नाही. बिस्की गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती, पण दर आठवड्याला यायची. संध्याकाळी दोघं पाय मोकळे करायला निघाले की न बोलता कारखान्याच्या रस्त्याला वळायचे. भट्टी चालू असली की सगळी गल्ली गोड वासानं भरून जायची. बाबा फाटकापाशी थोडे रेंगाळायचे. "चपलेत खडा गेला वाटतं," म्हणायचे. खडाबिडा काही नसायचा.

शिकून बिस्की अन्नतपासनीस झाली होती. ज्या संस्थेत ती काम करायची, ती पाकीटबंद पदार्थांना एक हिरवा शिक्का द्यायची. या पदार्थात अतिप्रक्रिया केलेला एकही घटक नाही, असं तो शिक्का सांगायचा. लोकांना समजावताना बिस्की सोपं करून सांगायची, "जे घरच्या फडताळात सापडणार नाही, ते पाकिटात नको." कृत्रिम रंग नको, कृत्रिम स्वाद नको, पदार्थ फुगवणारी, चकाकवणारी, एकजीव धरून ठेवणारी रसायनं नकोत. कारखान्यात जायचं, कोठार उघडायचं, पोत्यांवरची नावं वाचायची, भट्टीशी उभं राहायचं आणि काय दिसलं ते लिहायचं. कामात ती कोणाची गय करत नसे.

अशात एक दिवस साहेबांनी नवा अर्ज तिच्या टेबलावर ठेवला. अर्ज आईच्या कारखान्याचा होता.

तिनं लगेच सांगितलं, "साहेब, माझी आई तिथे होती. मी नको जायला."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "बिस्किटांतलं आपल्याकडे तुझ्याइतकं कोणाला कळतं? तू जा, बघ, लिही. निर्णय समिती घेईल, आणि आईचं मी समितीला आधीच सांगतो. मग तर झालं?"

बाबांना कळलं तेव्हा ते इतके खूश झाले, की त्यांनी शेजाऱ्यांनासुद्धा बोलावून सांगितलं. "आमची बिस्की शिक्का द्यायला चाललीय! आता सगळ्या जगाला कळेल तिथलं बिस्कीट किती चोख आहे ते."

"बाबा, मी तपासायला चाललेय, शिक्का द्यायला नाही."

"एकच की गं ते."

कारखान्याची सूत्रं आता जुन्या मालकांच्या मुलीकडे होती. लहानपणी ती ऑफिसात बसून गृहपाठ करायची, म्हणून बिस्कीला ती चांगली आठवत होती. मालकीणबाईंनी फाटकातच तिचे दोन्ही हात धरले. "इसेन्सच्या मावशींची मुलगी ना तू? हुबेहूब त्यांचीच चाल आहे!"

कारखाना नीटनेटका होता, आणि बाईंनी मेहनतही मनापासून घेतली होती. डालडा जाऊन लोणी आलं होतं. ग्लुकोजच्या पाकाची पिंपं गेली होती, त्यांच्या जागी साखरेची पोती होती. पीठ मऊ करणारी पावडर त्यांनी बंद केली होती. "पहिले काही महिने बिस्किटं दगडासारखी व्हायची," त्या हसून म्हणाल्या. "कामगार म्हणायचे, बाई, पुड्याबरोबर हातोडी पण द्या." बिस्की हसली. कोठारातलं एकेक पोतं बघताना तिला हलकं वाटत होतं. सगळं सरळ चाललं होतं.

मग त्या भट्टीमागच्या बोळातून एका दारापाशी आल्या. बाईंनी दार उघडलं, आणि वास अंगावर आला.

बिस्की जागीच थांबली. आईच्या स्वेटरची लोकर गालाला टोचल्यासारखी झाली. क्षणभर तिला वाटलं, आता आतून आवाज येणार, "चला लवकर." पण आत एक मुलगा तोंडाला फडकं बांधून बरण्या भरत होता. फळीवर डबे होते, पूर्वीसारखेच पत्र्याचे. तिनं एक डबा वळवून वाचला. जे लिहिलेलं असणार हे तिला दारातच कळलं होतं, तेच लिहिलं होतं. कृत्रिम व्हॅनिला.

"हे चालणार नाही," ती म्हणाली.

"अगं, पिठाच्या एवढ्या मोठ्या गोळ्याला इवलंसं लागतं."

"थोडं असलं तरी असतंच ना."

"आमच्या बिस्किटाचा वास म्हणजेच आमचं बिस्कीट, बिस्की. लोक डोळे मिटून ओळखतात. तुला मी वेगळं सांगायला हवं का?"

"मला नको सांगायला," बिस्की म्हणाली. "व्हॅनिलाच्या खऱ्या शेंगांचा अर्क वापरता येईल."

"तो परवडत असता तर माझ्या आजोबांनीच वापरला असता."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बिस्की बाहेर येऊन पाणी प्यायली आणि जे पाहिलं ते सगळं तिनं लिहिलं, चांगलं ते चांगलं आणि डब्यांचं डब्यांचं. समितीनं कळवलं, इसेन्स गेला तर शिक्का, नाही तर नाही.

मालकीणबाईंनी आठवडाभर विचार केला आणि इसेन्स बंद करायचं ठरवलं. मोठी दुकानं आता शिक्क्याशिवाय माल ठेवत नव्हती. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता.

बाबांना हे बिस्कीनंच सांगितलं. ते कपात चहा ओतत होते. किटली त्यांनी खाली ठेवली.

"म्हणजे तो वास आता येणार नाही?"

"बाबा, तो बाटलीतला होता. कारखान्यात तयार केलेलं रसायन."

"तुझी आई काय बाटलीतली होती?"

"मी असं म्हटलं का?"

"एवढी गल्ली होती मला तिची," बाबा म्हणाले. "फोटोत माणूस नुसतं दिसतं. तिथे ती यायची. तुझ्या शिक्क्यापायी तेवढंही गेलं."

पुढचे कित्येक आठवडे बाबा तिच्याशी कामापुरतंच बोलत. जेवलात का? जेवलो. औषध घेतलं? घेतलं. फिरायला मात्र ते एकटेच जाऊ लागले. शेजारच्या काकू सांगत, की कारखान्याच्या फाटकासमोरच्या कट्ट्यावर ते भट्टी बंद होईपर्यंत बसून असतात, जणू कोणाला गाडीवर पोचवायला आलेत.

मग डबे संपले. एका संध्याकाळी बिस्की मुद्दाम त्या रस्त्यानं आली, तर गल्लीत नुसता भाजलेल्या पिठाचा आणि लोण्याचा वास होता. वाईट नव्हता. पण तो कोणाचाच नव्हता. कट्टा रिकामा होता. ती तशीच उभी राहून रडली, आणि एक सायकलवाला तिला "ताई, काही लागलं का?" विचारून गेला.

दुसऱ्या तपासणीत काही खोट निघाली नाही. समितीनं शिक्का दिला. मालकीणबाईंचा फोन आला तेव्हा बिस्कीनं त्यांना वेगळीच एक विनंती केली. बाई लगेच हो म्हणाल्या.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती बाबांकडे गेली. "चला, कारखाना बघायला जाऊ."

"काय ठेवलंय तिथे आता?"

"आईची खोली आहे. तुम्ही कधी पाहिली नाहीत."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. खरंच, इतकी वर्षं ते फाटकाच्या अलीकडेच उभे राहिले होते. आत सोडत नसत, आणि सोडा म्हणून त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. ते उठले आणि त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

यंत्रं बंद होती. मालकीणबाई त्यांना बोळातून दारापर्यंत घेऊन गेल्या आणि मागे थांबल्या. खोली आता मोकळी झाली होती. डबे गेले होते, फळ्या उरल्या होत्या, आणि भिंतीला लागून एक टेबल. वास अजून पुसट येत होता, लाकडात मुरलेला. बाबांनी तो घेतलाही. पण ते वासापेक्षा दुसरंच काही बघत होते.

"एवढीशी?" ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पसरले, तर बोटं जवळजवळ दोन्ही भिंतींना लागली. मग त्यांनी वर पाहिलं, मागे पाहिलं. "खिडकी कुठाय?"

"खिडकी नाहीये, बाबा. हवा लागली की वास उडतो, म्हणून ठेवत नसत."

"दिवसभर?"

"दिवसभर."

बाबा टेबलाला टेकले. "घरी आली की अंग घासायची," ते हळूच म्हणाले. "मी म्हणायचो, राहू दे की गं, किती छान वास येतोय. ती म्हणायची, तुम्हाला छान येतो हो, माझं डोकं उठतं. मला वाटायचं, लटकंच रागावतेय. थट्टा करायचो मी." त्यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "आणि मी बाहेर उभा राहून खूश."

"तीही खूश असायची तुम्हाला बघून. फाटकातून जवळजवळ पळत यायची. मी दांडीवरून बघायची ना."

"हवेत यायची घाई असेल."

"तीही असेल," बिस्की म्हणाली. खोटं बोलून त्यांची समजूत काढावी असं तिला वाटलं नाही.

मग बाबांनी विचारलं, "इथे बसून ती नेमकं करायची तरी काय? मी कधी विचारलंच नाही तिला. घरी कारखान्याचं नाव काढलं की म्हणायची, सोडा तो विषय."

हे मात्र बिस्कीला सांगता येत होतं. अशा कितीतरी खोल्या तिनं पाहिल्या होत्या. बोळातलं एक स्टूल ओढून तिनं बाबांना बसवलं आणि स्वतः टेबलामागे उभी राहिली. "डबा इथे असणार, डाव्या हाताला. झाकण उघडताना तोंड असं बाजूला करायचं, नाही तर डोळ्यांतून पाणी येतं. मग माप. थेंब जास्त पडला तर सगळी खेप कडू, म्हणून श्वास रोखून ओतायचं…"

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मधेच त्यांनी तिला थांबवलं. "हळू सांग. आणि तेल कुठे असायचं?"

"तेल या बाजूला," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगू लागली.