ठिपक्यांची वाघीण

मी झगा बोलतोय. बिनबाह्यांचा, झालरींचा, अंगभर ठिपक्यांचा. गाण्याच्या स्पर्धेत दर शनिवारी तुम्ही मला टीव्हीवर पाहिलंय. माझ्यात जी पोर असायची, तिला तुम्ही ‘वाघीण’ म्हणायचात. अहो, वाघाला पट्टे असतात! ठिपके बिबट्याला. पण टाळ्या पिटायच्या घाईत एवढं बघतंय कोण?

स्टुडिओच्या मागच्या शिलाईच्या खोलीत माझा जन्म झाला. शिवणाऱ्या काकूंनी तेव्हा पोरीला पाहिलंही नव्हतं. कार्यक्रमाचे दिग्दर्शक दारातूनच म्हणाले, “काकू, ती काळी, कुरळ्या केसांची आलीय ना, तिला काहीतरी जंगली शिवा.”

“गाणार काय आहे ती?”

“ते बघू नंतर.”

ऐकलंत? मला तर तिथेच टाचण्या टोचल्या.

पोर कशी होती, ते मीच सांगतो. तिचे पणजोबा कधीकाळी जहाजातून इकडे आले आणि इथलेच झाले. आईचं इस्त्रीचं दुकान. वडील गेल्यावर धाकट्या भावाला झोप येईना, म्हणून हिनं स्वतःच एक अंगाई रचली. ती एकदा त्या मोठ्या स्टेजवर म्हणायची, एवढ्यासाठी ती स्पर्धेत आली होती. बाकी बक्षीसबिक्षीस तिच्या डोक्यातही नव्हतं.

पहिल्याच दिवशी परीक्षक म्हणाले, “तुमच्या भाषेतलं काहीतरी होऊन जाऊ दे!”

“सर, माझी भाषा हीच आहे.”

“तसं नाही गं. तुमच्या मुलखातलं, रक्तातलं!”

पोर गांगरली. कॅमेरा तोंडावर, मागे ढोल सुरू. दुकानात ती नि आई कपड्यांच्या घड्या घालताना शब्द उलटे म्हणायचा खेळ खेळत. तोच आठवला तिला. पाय आपटत तिनं ठोकून दिलं, “रदचा, रादस! जमीक, लवेटॉ!”

चादर, सदरा, कमीज, टॉवेल! दुसरं काही नाही. पण परीक्षकांनी डोळे पुसले. “ही हजारो वर्षांची हाक आहे!” म्हणाले. हसून हसून माझी एक शिवण उसवली.

मेकअपच्या खोलीत आईचा फोन आला. “अगं कार्टे, गिऱ्हाइकांचे कपडे उलटे करून आलीस की!” दोघी खिदळल्या. तेवढंच काय ते हसणं.

कारण मतांचा पाऊस पडला. मग दर शनिवारी तेच. ढोल, मशाली, “गर्जना कर गं!” तिच्यासोबतच्या गोऱ्यागोमट्या मुलीला मात्र मेणबत्त्या आणि संथ गाणी. तीही बिचारी चांगली गायची, तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो वाटणीवर. एकीला गळा दिला, एकीला नुसतं कातडं.

शेवटी ही दिग्दर्शकांना म्हणाली, “दादा, मला अंगाई म्हणायचीय.”

“वाघीण कधी अंगाई म्हणते का?”

“का? वाघिणीला पिल्लं होत नाहीत?”

दिग्दर्शक खूश! “वा! हे वाक्य स्टेजवर टाक.” तिनं ते टाकायला नकार दिला. मला हँगरवर अडकवलं आणि आईनं इस्त्री करून दिलेला साधा निळा ड्रेस घालून ती गेली.

मी शिलाईच्या खोलीतल्या पडद्यावर पाहत होतो. तिनं अंगाई सुरू केली आणि काकूंचा पाय मशीनवरून आपोआप उचलला गेला. एवढा खोल, मऊ आवाज इतके दिवस आम्ही ढोलांखाली गाडला होता! गाणं संपलं तेव्हा परीक्षक म्हणाले, “गोड आहे गं. पण आज तू कुठे गेलीस? तुझी ओळखच हरवली.”

आणि तुम्ही? सोफ्यावर पाय पसरून म्हणालात, “आज मजा नाही आली बुवा.” मत दिलंत दुसऱ्याला. दिग्दर्शकांना काय नावं ठेवायची! ते तुमच्या बोटाकडे बघूनच दुकान मांडतात.

पोर स्पर्धेतून बाहेर पडली. निघताना काकूंना भेटायला आली.

“वाईट वाटतंय का गं?”

“हरल्याचं नाही, काकू. पण माझा आवाज पहिल्यांदाच लागला, आणि लोक आईला विचारतायत, पोरीला बरं नव्हतं का?”

काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आज दिग्दर्शक पुन्हा दारात आले. “काकू, नव्या वर्षाच्या स्पर्धेसाठी एक मुलगी आलीय. तशीच आहे. तो झगा जरा ढिला करून द्या.”

“तशीच म्हणजे कशी?” काकूंनी विचारलं. ते तोवर निघूनही गेले होते.

आता काकूंनी मला टेबलावर पसरलंय आणि कात्री हातात घेतलीय. शिवण उसवतात की आरपार कापतात, कळत नाही. काकू, बिचकू नका. आरपार चालवा. मी कापड आहे, मला दुखत नाही. बाहेर बाकावर ती नवी पोर बसलीय, तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणतेय. जरा कान द्या, फार हळू गातेय.